‘टायनी हाऊस’ म्हणे!

सकाळी फेसबुक उघडलं आणि चहा कडू झाला. इथे न्यूझीलंडमधल्या मराठी ओळखीतल्याच एकीने ॲरोटाउन या जुन्या सोन्याच्या गावातला फोटो टाकलाय. मागे चिनी खाणकामगारांचं दगडी खोपटं, पुढे ही गॉगल लावून, आणि वर लिहिलंय ‘टायनी हाऊस गोल्स’, म्हणजे असलं चिमुकलं घर हवं बाई! खाली बदामांचा पाऊस.

गेल्या एप्रिलात मी आप्पांना तिथे नेलं होतं. आप्पा विट्याकडचे गलाईवाले, पस्तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळलं. ॲरोटाउनला झाडं पिवळीधमक, बकिंगहॅम स्ट्रीटवर ही गर्दी. आप्पांचं तिकडे लक्षच नाही. बुश क्रीकच्या काठी त्या खोपटापाशी थांबले, वाकून दारातून आत बघत राहिले. मग म्हणाले, "आमची खोली आसलीच हुती की गं. फकस्त पत्र्याची."

आता सांगा, यात क्यूट काय आहे?

1862 मध्ये ॲरो नदीत सोनं सापडलं. पुढे गोरे खाणवाले वेस्ट कोस्टच्या सोन्यामागे पळाले, तेव्हा इथल्या ओटागो प्रांतवाल्यांनीच चिन्यांना बोलावणं धाडलं. बोलावलं आणि ठेवलं कुठे, तर गावकुसाबाहेर! हे आपल्याला वेगळं समजवायला नको. वर 1881 पासून डोईपट्टी, माणशी 10 पाउंड. 1896 पासून 100. फक्त चिन्यांना. सरकारने माफी मागितली 2002 मध्ये. सावकाश.

बरं, मी काही फार शहाणी नाही. तिथल्या दुकानातला फज, म्हणजे बर्फीसारखी मिठाई, मीही घेतला, दोन डबे. आणि 1983 मध्ये तिथे उत्खनन झालं, खोपटं पुन्हा उभी केली, ती आज टिकलीत ती येणाऱ्याजाणाऱ्यांमुळेच, हेही मान्य. पण बाई, शेजारची पाटी तरी वाच!

असो. चिडून काय होणार.

त्या दिवशी लेकीने सोनं धुवायची परात भाड्याने घेतली होती. तासभर नुसता चिखल. आप्पा म्हणाले, "आण हिकडं." बाह्या सारल्या, पाण्यात उकिडवे बसले. सोनारांच्या दुकानातली राख धुतलेले हात ते. परात हलके हलके फिरवली, वाळू वाहून गेली, तळाला काळी रेती आणि तिच्या कडेला एक कण, राजगिऱ्याहून बारीक. लेक किंचाळली. आप्पांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, उन्हात धरला, तिच्या तळहातावर ठेवला. मग नदीपलीकडे बघत विचारलं, "ह्यातली घरी किती गेली आसतील गं?"

1902 मध्ये 499 चिन्यांचे मृतदेह उकरून मायदेशी पाठवले होते, ‘व्हेंटनर’ नावाच्या जहाजाने. ते होकियांगाजवळ बुडालं. हे मी आदल्याच रात्री मोटेलवर वाचलं होतं.

मी म्हटलं, "बरेच गेले असतील, आप्पा."