‘तुमच्यासारख्या दुकानदारांनी...’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

छोट्या रॉकेटच्या टेलिमेट्री अँटेनावरच्या (उड्डाणातली माहिती रेडिओने खाली पाठवणाऱ्या अँटेनावरच्या) माझ्या लेखाखाली पुण्याच्या एका सरांनी प्रतिक्रिया टाकली आहे. कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितोय. सरांचं म्हणणं थोडक्यात असं: उभ्या तारेला टोकाकडे नल, म्हणजे सिग्नल जवळजवळ न जाणारी दिशा, असतो, त्यामुळे रॉकेट डोक्यावर गेलं की सिग्नल संपला. सर्क्युलर पोलरायझेशनचा, म्हणजे लहर गोल फिरत जाईल अशा अँटेनाचा, विचारच केलेला नाही. पॅराशूटला लटकून रॉकेट आडवं झालं की काय करणार? आकृतीत मापं नाहीत. आणि शेवटी, ‘तुमच्यासारख्या दुकानदारांनी असले विषय हाताळून पोरांची दिशाभूल करू नये.’

मापांचं आधी. ती टाकायला हवी होती, टाकतो. एवढं सांगायला पोरांच्या दिशाभुलीपर्यंत जायची गरज नव्हती. केळीचा भाव पाडायला आलेला व्यापारीसुद्धा आमच्याशी याहून गोड बोलतो.

आता दुकान. आहे, रावेरला आहे. वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं होतं, मी त्यात टीव्ही आणले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत धाब्याच्या घरांवर चढून, हातभर पाइप इकडे-तिकडे फिरवून लोकांच्या पडद्यावरच्या मुंग्या घालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ती अँटेना यागी-उदा. १९२६ मध्ये दोन जपानी संशोधकांनी ती जगापुढे मांडली. दुकानदारांनी तिला हात लावू नये असं त्यांनी कुठे लिहून ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अँटेना कुठे तोंड करते आणि कुठे पाठ फिरवते, हे मला पुण्याहून कळवावं लागत नाही.

तर नल. डायपोलचं, म्हणजे मधोमध जोडणी असलेल्या दोन पातींच्या सरळ तारेचं, प्रक्षेपण मेदूवड्यासारखं असतं, तार भोकातून गेलेली. भोकाच्या दिशेला जवळजवळ काही जात नाही. हे मी लेखातच लिहिलंय, सरांनी तिथवर वाचलेलं दिसत नाही. पण ‘सिग्नल संपला’ कधी? रिसीव्हर रॉकेटच्या बरोब्बर खाली असेल तेव्हा. लाँच पॅडच्या बुडाशी बसतं कोण, सर?

आकडेच घ्या. रॉकेट ६०० मीटर उंचीवर, आम्ही पॅडपासून १५० मीटरवर. म्हणजे तारेच्या रेषेपासून १४ अंश. आदर्श डायपोल तिथे आपल्या कमाल दिशेपेक्षा १४ डीबी कमी देतो (डीबी म्हणजे डेसिबल, दर १० डीबीला ताकद दहापट कमी-जास्त). ८६६ मेगाहर्ट्झला एवढ्या अंतरात मोकळ्या हवेतला तोटा साधारण ८७ डीबी. रॉकेटमधलं रेडिओ मॉड्यूल १०० मिलिवॉटचं, म्हणजे २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी). दोन्हीकडच्या अँटेनांचा गेन (एका दिशेला मिळणारी वाढ) शून्य धरला तरी रिसीव्हरपाशी उणे ८१ डीबीएम पोचतात. लोरा (कमी ताकदीत लांब पोचणारी रेडिओ पद्धत) रिसीव्हर वेगवान सेटिंगवरही उणे १२० च्या आसपासचं ऐकतो. चाळीसेक डीबी हाताशी असताना सिग्नल ‘संपला’ म्हणणं म्हणजे गणित न मांडता निकाल लावणं झालं.

आणि गंमत पुढे आहे. १५० ऐवजी ४०० मीटरवर जाऊन उभे राहा. अंतर वाढल्याने तोटा सव्वा-दीड डीबीने वाढतो, पण कोन ३४ अंशांवर गेल्याने नलचा मार १४ वरून साडेसहावर येतो. लांब जाऊनही सिग्नल साधारण ६ डीबीने, म्हणजे चौपट, तगडा. म्हणून आम्ही पऱ्हाटी उपटलेल्या रानाच्या पार बांधाला बसतो. फक्त मध्ये केळीची बाग येऊ द्यायची नाही. खोडापानांत नुसतं पाणी भरलेलं, पॅडवर उभं असलेलं रॉकेट बागेपलीकडून ऐकू येईनासं होतं. हे खान्देशाबाहेर कुणाच्या लक्षात येणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

‘व्हीएनए (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला बसते ते मोजणारं यंत्र) तरी लावला का’ असंही सरांनी जाता जाता विचारलंय. लावला. डायपोलची दोन्ही पाती साडेआठ सेंटिमीटरहून किंचित लांब कापायची, फायबर ग्लासच्या नोजकोनमध्ये, म्हणजे रॉकेटच्या निमुळत्या टोकात, घालायची, बॅटरी आणि तिच्या वायरी उड्डाणात असतील तशाच ठेवायच्या, आणि मगच मोजायचं. टेबलावर उघड्यात ८६६ ला नेमका बसवलेला खड्डा (आलेखात अँटेना जिथे बसते तिथला खोलगट भाग) अँटेना नोजकोनमध्ये घातली की कमी फ्रिक्वेन्सीकडे घसरलेला दिसतो. मग दोन्ही पातींचे दोन-दोन मिलिमीटर कटरने उडवले की वीसेक मेगाहर्ट्झ वर येतो. नोजकोन कार्बन फायबरचा घेतलात तर मात्र काहीच कापू नका, कार्बन वीज वाहतो, अँटेना आत कोंडली जाते.

राहिलं सर्क्युलर. रॉकेटवर ते करायचं म्हणजे काटकोनात दोन आडवे डायपोल, प्रत्येक जवळपास सोळा सेंटिमीटर. आमची नळी ५४ मिलिमीटरची. आडवे घालायचे कुठून, ते सरांनी सांगावं, सामान दुकानातून देतो. जमिनीवरची अँटेना सर्क्युलर ठेवली तर रॉकेटने गिरकी घेतली तरी ३ डीबीच जातात, हे मलाही ठाऊक आहे. पण तो वेगळा लेख आहे.

पॅराशूटचं म्हणाल, तर तोवर उंची आणि वेग नोंदून झालेला असतो, जीपीएसचं शेवटचं ठिकाण हातात पडलं की पोरं शेतातून पळत सुटतात. बाकी मुद्द्यांत उत्तर देण्याजोगं काही दिसलं नाही.