इंग्रजीचा निकाल वाढवण्याचे खात्रीशीर उपाय

'इंग्रजी विषयाचा निकाल कमी लागल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा,' असं पत्र गेल्या आठवड्यात हातात पडलं. खुलासा दिला. लिहिताना वाटलं, फायलीत धूळ खाण्यापेक्षा हे शहाणपण नव्याने रुजू होणाऱ्यांच्या कामी यावं. तेव्हा सोलापुरात (बाहेरही, सगळीकडे तेच आहे) माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या नवशिक्षकहो, ऐका.

पहिलं म्हणजे इंग्रजी शिकवू नका. कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका शिकवा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की ती अख्खी ओळ उतरवायची, झाले गुण. ओळीचा अर्थ विचारणारं पोर निघालंच तर त्याला प्रेमाने खाली बसवा, पोर्शन मागे पडतोय. पत्राचा साचा पाठ करून घ्या. अर्ज मुख्याध्यापकांना असो की आयुक्तांना, खाली 'एक्सवायझेड' आलं पाहिजे. पुस्तकात ओळींच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले दिसतील, ते खोडायला जाऊ नका. वर्ग त्याच्यावरच चाललाय.

तोंडीचे २० गुण हा तर हुकमी एक्का. ते स्टाफरूममध्ये, चहा यायच्या आत, अठरा-सतरा-अठरा असे भरायचे असतात. मुलाने तोंड उघडण्याची गरज नसते. २०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे गुण काढून टाकले होते. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि काय तो आकांत! गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, तो भाग सोडा. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं बोलायला लागली!

वर्गात कमीत कमी थांबा. थांबायचं म्हटलं तरी थांबू देणार नाहीत. मतदारयाद्या आहेत, यू-डायस, म्हणजे शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरायची, ते आहे, आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळवायचंय. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शाळाबाह्य काम लावू नये असं लिहिलंय. सवडीने वाचा, बरं वाटतं.

पगाराचं विचारू नये. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं, म्हणजे कायम होण्याआधीच्या नव्या शिक्षकाचं मानधन २०२३ मध्ये महिना ८,००० वरून १८,००० झालं. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे मिळणारे असाल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

भाषणाला मात्र बसायला शिका. प्रशिक्षण असो की निकालाची बैठक, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेही आपल्याच जिल्ह्यातले, मग तुम्हाला काय धाड भरली, हा सवाल ठरलेला. मान हलवायची. गुरुजींचा आम्हालाही अभिमानच आहे. बक्षिसाच्या दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या स्पर्धकांना वाटून टाकली. त्यांचं नाव घेऊन आम्हाला दटावणारे स्वतः एक तास वाटून देत नाहीत.

आता कितवा उपाय चाललाय कोण जाणे, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच: खापर फोडायला मूल असतंच. 'भाषेत कच्चा' एवढं प्रगतिपुस्तकात लिहिलं की आपण सुटलो. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं येतात. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. नववीतला एक घ्या. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. रविवारी चाटी गल्लीत, कापडबाजारात, मामाच्या दुकानात बसतो. विजापूरकडचं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर चादर उलगडून कन्नडमध्ये भाव सांगतो आणि किती खाली यायचं ते त्याच्यादेखत मामाला तेलुगूत विचारतो. गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही. चार भाषांत हिशेब करणारं हे पोर भाषेत कच्चं? अहो, कच्चं काय आहे ते बघा की! २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणारं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं, आणि त्या दहा वर्षांत आधीपासून उत्तर पाठ नसलेला एक प्रश्न त्याला कुणी इंग्रजीत विचारलेला नसतो! कन्नड त्याला गिऱ्हाईकाने शिकवली, कारण गिऱ्हाईक त्याच्याशी बोललं. आमच्या साठ-सत्तरच्या वर्गात ३५ मिनिटांचा तास, त्यात हजेरी, त्यात दोन नोटिसा. मी कुणाकुणाशी बोलू? त्या पोराला विचारलं तर म्हणतो, "सर, समजतंय की, बोलायलाच येईना." तो खरं बोलतो. खुलासा त्याने लिहायला हवा होता.

बास झालं. पालकांनो, पोरगं पुण्याला कंपनीत लागावं म्हणून मराठी शाळेतून काढून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालता, तिथे बाईंना काय पगार आहे, त्या पोराशी इंग्रजीत बोलतात का, हे एकदा तरी विचारलंत? फी मात्र विचारलीत. संस्थाचालकांनो, इंग्रजीची जागा रिकामी झाली की ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यात विषय बांधता, मग तो इतिहासाचा असो की पी.टी.चा, आणि जूनमध्ये निकालाचा जाब विचारता. लाज वाटली पाहिजे. आणि खुलासा मागणारे साहेब, तोंडी परीक्षा खरी घ्या, बाहेरचा परीक्षक पाठवा, निकाल पडला तर पडू द्या दोन वर्षं. तेवढी छाती नसेल तर खुलासे मागू नका. माहिती हवी असेल तर शाळा सुटल्यावर मागा. दहावीचा तास चालू असताना शिपायाला दारात पाठवायचं नाही.