पेइंग गेस्ट की लॉजर?

कोथरूडला आईच्या सोसायटीत ठराव येतोय: यापुढे 'पीजी' ठेवायचे नाहीत. कारणं नेहमीचीच. पार्किंग, रात्रीचं येणंजाणं, कुणाला कोण सोडायला आलं होतं. फोनवर आईने विचारलं, "तुझ्याकडे लीड्सला तो मुलगा राहतो, त्याला काय म्हणतात?"

"लॉजर."

"म्हणजे एसटी स्टँडसमोर पाटी असते ते? लॉजिंग-बोर्डिंग?"

तेच ते. लॉज शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ पानाफांद्यांचा मांडव, खोपटं. त्याचं मूळ पानांच्या शब्दाशी जातं. जर्मनमध्ये झाडाच्या पानांना आजही 'लाउब' म्हणतात. बोर्ड म्हणजे फळी, मग जेवणाचं टेबल आणि शेवटी जेवणच. (आपण फळीचा पाट करून त्यावर बसलो, त्यांनी तिच्यावर ताट ठेवलं.) त्यामुळे नुसता मुक्कामाला तो लॉजर, जेवूनखाऊन राहणारा तो बोर्डर. आमचे आजोबा वार लावून शिकले, म्हणजे सात घरचे बोर्डर, तेही फुकट!

'पेइंग गेस्ट' हीसुद्धा इंग्रजांचीच देणगी. खोली भाड्याने द्यावी लागते हे सांगायची लाज वाटली की पाहुणा म्हणायचं. इथे तो शब्द आता क्वचितच कानावर येतो, आपल्याकडे मात्र कायद्यात जाऊन बसलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ म्हणतो: मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला लायसन्सवर दिलाय, असा कुटुंबाबाहेरचा माणूस. म्हणजे मालक ठाण्यात आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आठ मुली, हे पीजी नव्हेच. सोसायटीचा राग आहे तो या फ्लॅटवर. ठराव मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही लागेल. काका गेल्यावर त्यांनी एक खोली एका मुलीला दिलीय आणि दोघी रात्री एकत्र जेवतात.

इंग्लंडात हा फरक लोकांना नीट कळतो. म्हणून लॉजरचं भलं होतं असं मात्र नाही. १८६७ च्या कायद्याने शहरातल्या पुरुष लॉजरला मत मिळालं, तेही खोली वर्षाला १० पौंडांची असेल तरच. आज घरमालकाबरोबर राहणाऱ्या लॉजरला रास्त मुदत देऊन, कोर्टात न जाता घराबाहेर काढता येतं. उलट मालकाला वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचं भाडं करमुक्त. मी स्वतः दोन वर्षं लॉजर होते. फ्रिजमधला एक कप्पा माझा, आणि हीटिंगच्या बटणाला हात लावायचा नाही. पण मला कुणी पाहुणी म्हटलं नाही, त्यामुळे अपेक्षाही नव्हती.

कायद्यातली ती व्याख्या आईने सेक्रेटरींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. उत्तर आलं: "वहिनी, विषय पुढच्या सभेत घेऊ."

काकूंनी तोवर त्या मुलीला 'कुणी विचारलं तर भाची म्हणून सांग' असं बजावून ठेवलंय.