लहरी माणसाने लहरी कशा घ्याव्यात

हजारो कोटी हाताशी आहेत, बँक वर आणखी द्यायला तयार आहे आणि शेजाऱ्याने काही नवीन घेतलं की तुमची झोप उडते? मग वेळ दवडू नका. तुमचा जन्म मोबाइल कंपनी काढण्यासाठीच झाला आहे.

तंत्रज्ञान कुठलं, याचा विचार करत बसू नका. आकडा आधीच्यापेक्षा मोठा असला की झालं. गिऱ्हाईकाला ते कशाला हवंय, असं बैठकीत कोणी विचारलंच तर त्याची बदली तक्रार विभागात करा. तिथे त्याला गिऱ्हाईक भेटेल.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून आणि लिलाव पाहावा बोलून. सरकार लिलावात विकतं त्या लहरी, म्हणजे मोबाइल ज्यांवर चालतो त्या रेडिओ लहरी. 2010 चा 3जीच्या लहरींचा लिलाव पाठ करा. 34 दिवस, 183 फेऱ्या, सरकारच्या झोळीत 67 हजार कोटींच्या वर. एवढं करून अख्खा देश एकाही खासगी कंपनीच्या पदरात पडला नाही. कोणाला तेरा सर्कल (म्हणजे मोबाइलसाठी पाडलेले देशाचे विभाग), कोणाला नऊ. मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने आपसात ठरवलं की माझ्याकडे नाही तिथे माझं गिऱ्हाईक तुझ्या नेटवर्कवर, तुझ्याकडे नाही तिथे तुझं माझ्या. वाटीभर साखर शेजारून आणावी तसं. दूरसंचार खात्याला हे रुचलं नाही. दंड झाले, भांडण लवादात गेलं आणि 2014 साली लवादाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हा आधी एकमेकांवर बोली चढवून भाव आभाळाला नेऊन ठेवा, मग एकमेकांचंच वापरा. आधीच का नाही ठरवायचं, म्हणता? लिलावाआधी ठरवलं तर त्याला साटंलोटं म्हणतात. नंतर ठरवलं की रोमिंग.

बोलीची कटकट नको असेल तर सरकारी कंपनी व्हा. एमटीएनएलने दिल्लीत डिसेंबर 2008 मध्येच 3जी सुरू केलं होतं, पाठोपाठ बीएसएनएलनेही केलं. अट एवढीच होती की पुढे लिलावात खासगी मंडळी जो भाव चढवतील, तोच यांनी भरायचा. साडी तुम्ही नेसायची, घासाघीस शेजारणीने करायची, आणि तीही भाव वाढवण्यासाठी.

आता संयमाबद्दल. 3जी आटोपताच ब्रॉडबँडच्या लहरी लिलावाला निघाल्या. 117 फेऱ्या झाल्या आणि देशभराचा भाव गेला 12,847 कोटींवर. संपूर्ण देश घेतला तो इन्फोटेल ब्रॉडबँडने. कोण ही इन्फोटेल, असं लोक विचारेपर्यंत, म्हणजे लिलाव संपला त्याच दिवशी, 11 जूनला, रिलायन्स इंडस्ट्रीजने 4,800 कोटींत तिचा 95 टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर झालं. पुढे सहा वर्षं काही नाही. खरंच काही नाही. या लहरींवर वायमॅक्स चालवायचं की एलटीई, म्हणजे वेगवान इंटरनेटच्या दोन प्रतिस्पर्धी तंत्रांपैकी कोणतं, यावर तेव्हा जगभर तावातावाने वाद चालू होते. ते मिटले, वायमॅक्सचं तेरावंही उरकलं आणि सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्सचं जिओ अवतरलं.

ज्यांना दम निघाला नाही त्यांचं पाहा. एअरटेलने एप्रिल 2012 मध्ये कोलकात्यात 4जी आणलं, त्याच वर्षी पुण्यातही आणलं. नेटवर्क होतं, ते पकडणारे फोन बाजारात नव्हते. पुणेकर संगणकाला डोंगल लावून बसले आणि हे आधीच्यापेक्षा खरंच वेगवान आहे का, याची शंका काढत राहिले, जी त्यांनी फोन असता तरी काढलीच असती. तेव्हा लवकर येऊ नका. उशिरा आलात तर दारात उभं करणार नाहीत. नेमकं कधी यायचं? ज्याचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे त्याने सवडीने यावं आणि मार्च 2017 पर्यंत फुकट वाटावं. ज्याचा नाही त्याने तेवढ्या अवधीत विलीन व्हायला कोणी मिळतंय का ते बघावं.

मुहूर्त पंचांगात पाहावा, अभियंत्याला विचारू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीत 5जीचं उद्घाटन झालं आणि जिओने चाचणी सुरू केली दसऱ्याला. तारेऐवजी हवेतून घरात इंटरनेट आणणारं एअरफायबर पुढच्या वर्षी गणेश चतुर्थीला आलं. विघ्नहर्त्याच्या दिवशी सुरू केलं की पुढची विघ्नं त्याच्या खात्यात.

नावात मात्र कंजुषी नको. अमेरिकेत एटी अँड टीने 2019 साली 4जीच्याच फोनवर ‘5जी ई’ अशी खूण उमटवली. एक खांब न उभारता नवीन पिढी! तिथल्या जाहिरात-परीक्षकांनी नाकं मुरडली, पण कल्पना थोर होती. आपल्याकडे जिओचं 5जी ‘ट्रू’, एअरटेलचं ‘प्लस’. पहिल्याने नेटवर्कच्या गाभ्यापासून सगळं नवं बांधलं, दुसऱ्याने सुरुवातीला 4जीच्या गाभ्यावर 5जीचे अँटेना चढवले. दोन्ही मार्ग रीतसर आहेत. पण एप्रिलमध्ये प्रत्येक हातगाडीवर ‘अस्सल देवगड’ अशी पाटी असते, तिथे आंबा कुठला हे कोण विचारतो?

माझ्याकडचं 5जी स्वयंपाकघराच्या खिडकीत उत्तम येतं. हॉलमध्ये येत नाही. टॉवरसाठी आमच्या सोसायटीची गच्ची मागितली होती. किरणांच्या भीतीने सभेत एकमताने नकार दिला. त्याच सभेत रेंज येत नसल्याचा निषेधही एकमताने मंजूर झाला.

राहता राहिले पैसे. 2022 च्या लिलावात दीड लाख कोटींची बोली लागली, तेव्हा ते कुठूनतरी यायला हवेत. आधी 5जी अमर्याद द्या, 4जीच्याच रिचार्जमध्ये. जीभ चटावली की जुलै 2024 सारखे सगळ्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवा, आणि अमर्याद 5जी फक्त रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्तीच्या पॅकवाल्यांना ठेवा. अमर्यादेलाही मर्यादा असते. लोक कुरकुरतील, बीएसएनएलकडे जाण्याच्या धमक्या देतील, काही जातीलही. 2024 मध्ये गेलेल्यांना तिथे 4जीची वाट पाहताना जुन्या कंपनीची आठवण आली असेल.

हा खर्च भरून निघेपर्यंत थांबू नका. 5जीला सहा महिने पूर्ण व्हायच्या आत, मार्च 2023 मध्ये, सरकारने 6जीचा आराखडा प्रसिद्धही केला. तेव्हा व्होडाफोन आयडियाचं 5जी सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. तुम्ही निदान नाव तरी नोंदवून ठेवा. ‘ट्रू’ गेलं, ‘प्लस’ गेलं. ‘अस्सल’ अजून शिल्लक आहे.