कॅन्सस सिटीचा सामना कोण बघतं?

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. पहिल्या दोनदा मी न वाचता पुढे गेले. तिसऱ्यांदा न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, तो थेट माझ्या बारा वर्षांच्या लेकीला पाठवला. खाली स्वतःची ओळ जोडली होती : ‘आता तरी शहाणी हो. यांकीजची टोपी पाठवतोय.’ तिने तो शेवटपर्यंत वाचला, फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘आई, आपली टीम खरंच कोणी बघत नाही का?’

आमची टीम म्हणजे बेसबॉलमधली कॅन्सस सिटी रॉयल्स; दादाचे यांकीज न्यूयॉर्कचे. आम्ही इथे राहतो, उन्हाळ्यात डाव्या बाजूच्या वरच्या स्वस्त खुर्च्यांवर बसून सामने बघतो, आणि लेकीच्या खोलीत बॉबी विट ज्युनिअरचं पोस्टर आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : १९५० चं दशक हा बेसबॉलचा सुवर्णकाळ. तेव्हा खेळ निर्मळ होता, प्रत्येक संघाला सारखी संधी होती, खेळाडू एकाच शहराशी आयुष्यभर इमान राखत, स्टेडियमं ओसंडून वाहत. मग पैसा आला आणि सगळं नासलं. आज लहान शहरांच्या संघांना प्रेक्षकच नाहीत, म्हणून टीव्ही न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दाखवतो, आणि त्यात काही गैर नाही. तेव्हा मुलांना वेळीच मोठ्या संघाची गोडी लावा.

लिहिणाऱ्याचं नाव नाही. पण हे वाचून एक मुलगी हिरमुसली, म्हणून उत्तर देते.

आधी ‘सारखी संधी’. १९४९ ते १९५६ ही सलग आठ वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, न्यूयॉर्कच्याच संघाने जिंकली. सहा वेळा यांकीजने, १९५४ ला जायंट्सने, १९५५ ला ब्रुकलिन डॉजर्सने. हे दोन्ही संघ तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते. १९४७ ते १९६४ या अठरा वर्षांत यांकीज पंधरा वेळा अंतिम फेरीत होते. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या माणसाला तो सुवर्णकाळ वाटणारच. त्याला तो तसा वाटला म्हणून अख्ख्या देशाचा झाला, कारण आठवणी लिहिणारी माणसं आणि त्या छापणारी वर्तमानपत्रं त्याच शहरातली होती.

त्या काळात आमच्या शहराचं काय चाललं होतं, हे दादाला ठाऊक नाही. मला इथे राहायला आल्यावरच कळलं. १९५५ साली फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक्स संघ कॅन्सस सिटीत आला. मालक होते अर्नॉल्ड जॉन्सन. संघ विकत घेण्याआधी यांकी स्टेडियम याच गृहस्थांच्या मालकीचं होतं, यांकीजच्या मालकांशी त्यांचे धंद्याचे संबंध होते. पुढची काही वर्षं आमच्याकडे एखादा खेळाडू बरा खेळू लागला की न्यूयॉर्कला जाई, आणि बदल्यात थकलेले किंवा कच्चे खेळाडू इकडे येत. रॉजर मॅरिसचं नाव बेसबॉल न बघणाऱ्यांनीही कधीतरी ऐकलेलं असतं. १९६१ साली ६१ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारून त्याने बेब रूथचा ६० चा विक्रम मोडला. तो आमच्याकडे खेळत होता. डिसेंबर १९५९ मध्ये यांकीजने त्याला नेलं, आणि पुढची दोन्ही वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अ‍ॅथलेटिक्स इथे तेरा मोसम खेळले आणि त्यांपैकी एकाही मोसमात हरलेल्यांपेक्षा जिंकलेले सामने जास्त नव्हते. १९६८ ला संघ ओकलंडला गेला. इथल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ‘फिफ्टीजचं बेसबॉल’ म्हणा, त्यांना मॅरिस आठवतो, आणि अजून राग येतो.

‘खेळाडू इमानी होते.’ खेळाडू बांधलेले होते. करारातल्या एका कलमामुळे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ त्याला विकू शकत होता, अदलाबदलीत देऊ शकत होता. त्याला स्वतःला मात्र कुठे जायची मुभा नव्हती. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला दिलं, तेव्हा त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना लिहून कळवलं की मी विकायची-घ्यायची वस्तू नाही. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ ला तो हरला, कारकीर्दही संपली. बेड्या तुटल्या त्या १९७५ च्या डिसेंबरमध्ये, लवादाने दुसऱ्या दोन पिचर्सच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, बाजूने निकाल दिला तेव्हा. इमान बघायचंच असेल तर आमचा साल्वादोर पेरेझ बघा. २०११ पासून इथे आहे. आणि बॉबी विटने २०२४ मध्ये अकरा वर्षांचा करार केला, तोही आमच्याशी.

‘स्टेडियमं ओसंडून वाहत.’ मॅरिसने ६१ वा होमरन मारला त्या दिवशी यांकी स्टेडियममध्ये २३,१५४ माणसं होती, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. ब्रुकलिनच्या ज्या एबेट्स फील्डसाठी आजही उसासे टाकले जातात, तिथल्या शेवटच्या सामन्याला, २४ सप्टेंबर १९५७ ला, ६,७०२ प्रेक्षक होते. २०२४ च्या मोसमात सगळ्या सामन्यांना मिळून ७ कोटी १० लाखांहून अधिक लोक आले, म्हणजे सामन्याला सरासरी एकोणतीस हजार. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

‘निर्मळ’ या शब्दाने मात्र माझं डोकं खरंच तापलं.

१९४७ च्या १५ एप्रिलपर्यंत, कित्येक दशकं, या निर्मळ खेळाच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेत, काळ्या माणसाला पाऊल ठेवता येत नव्हतं. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४५ मध्ये, तो काळ्या खेळाडूंच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळला होता. बोस्टनच्या रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू घेतला १९५९ साली. म्हणजे मेसेजमधलं सोनेरी दशक जवळजवळ संपलं होतं.

निग्रो लीग्ज, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धा, या शहरात जन्मल्या, १९२० मध्ये. अठराव्या रस्त्यावर त्यांचं म्युझियम आहे. गेल्या वर्षी लेकीला घेऊन गेले. आत शिरताच समोर एक छोटं मैदान दिसतं आणि त्यावर आपापल्या जागी उभे असलेले ब्राँझचे खेळाडू. पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आहे. आत जाता येत नाही. अख्खं म्युझियम फिरून, पोस्टर, जुने बूट, बसप्रवासाच्या आणि नाकारलेल्या हॉटेलांच्या हकिकती वाचून झाल्यावर शेवटी एक वाट त्या मैदानात उघडते. लेक सरळ होम प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागेपाशी गेली. तिथे निग्रो लीग्जमधला जॉश गिब्सन कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या, पवित्र्यात बसलेला आहे. तिने त्याच्या ग्लव्हमध्ये हात घालून बघितला आणि मला म्हणाली, ‘याला मी कुठे बघितलंच नाही.’

कसा बघणार? मोठ्या शहरांतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी या सामन्यांची साधी धावसंख्यासुद्धा नीट छापली नाही. ती छापली काळ्या समाजाच्या पत्रांनी, पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर आणि आमच्या गावच्या कॉलने. संशोधक वर्षानुवर्षं त्या पत्रांच्या जुन्या अंकांतून एकेक सामन्याचे आकडे वेचत होते. मग मे २०२४ मध्ये मेजर लीगने ते अधिकृत आकड्यांत धरले, आणि कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) जवळजवळ शंभर वर्षं अव्वल असलेला टाय कॉब (०.३६७) दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिला आला जॉश गिब्सन, ०.३७२. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच्या तीन महिने आधी. ज्याचे सामने छापलेच नाहीत त्याला ‘कोणी ओळखत नव्हतं’ म्हणायचं, आणि मग न ओळखण्याचं कारण म्हणून तेच पुढे करायचं, ही जुनी चाल आहे. आज लहान शहरांबद्दल तीच वापरली जाते. गिब्सनवर झालेला अन्याय आणि रॉयल्सचा सामना रविवारी रात्री देशभर न दाखवणं यांची बरोबरी मी करत नाही, ते पाप वेगळंच होतं. पण ‘जे दाखवलं तेवढंच होतं’ असं मानायची सवय दोन्हीकडे आहे.

आता लेकीचा प्रश्न. आपल्याला कोणी बघतं का?

अमेरिकेत टीव्हीचे प्रेक्षक नील्सन ही कंपनी मोजते, आणि वर्ल्ड सिरीजचे तिचे आकडे कोणालाही बघता येतात. टीव्ही असलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत सामना लागला होता, हे रेटिंग. आजवरचं सर्वांत जास्त रेटिंग ३२.८, आणि ते दोन सिरीजना विभागून आहे. एक १९७८ ची, यांकीज विरुद्ध डॉजर्स. मेसेजवाल्याला हवी तशीच, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. दुसरी १९८० ची, फिलाडेल्फिया विरुद्ध कॅन्सस सिटी. त्या सिरीजचा सहावा सामना सुमारे ५ कोटी ४९ लाख लोकांनी पाहिला. वर्ल्ड सिरीजचा दुसरा कुठलाही सामना अमेरिकेत इतक्या लोकांनी पाहिलेला नाही. आम्ही तो हरलो, पण तो बघितला गेला.

तेव्हा मोजकीच चॅनेलं होती, म्हणून लोक बघत, असं दादा म्हणेल. बरोबर आहे. पण मग न्यूयॉर्कलाही तोच नियम लागतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. २०२४ ला डॉजर्स आणि यांकीज भिडले तेव्हा अमेरिकेत सरासरी १ कोटी ५८ लाख प्रेक्षक होते, आणि आदल्या वर्षी टेक्सस आणि अ‍ॅरिझोनाच्या सिरीजला जेमतेम ९१ लाख, आजवरचे सर्वांत कमी. मेसेजमध्ये हेच आकडे ‘लहान शहरांचा पुरावा’ म्हणून दिलेत. पण टेक्सस रेंजर्स डॅलसच्या परिसरात खेळतात, दुसरा संघ फीनिक्सचा. डॅलस परिसरात पाऊण कोटीहून जास्त माणसं राहतात, फीनिक्स परिसरात पन्नास लाखांच्या आसपास. ही लहान शहरं कुठल्या नकाशावर? लोकांनी ती सिरीज सोडली कारण वर्षभर त्या खेळाडूंची कोणी ओळख करून दिली नव्हती. दर आठवड्याला त्याच चार संघांवर चर्चा करायची आणि ऑक्टोबरमध्ये म्हणायचं, बाकीच्यांना कोण ओळखतं!

उलटं उदाहरण हवं असेल तर आयोवा राज्य घ्या. तिथे मेजर लीगचा स्वतःचा संघ नाही. पण स्थानिक प्रक्षेपणाच्या हक्कांचे पट्टे असे आखले होते की कित्येक वर्षं तिथल्या माणसाने पैसे भरून मेजर लीगची ऑनलाइन सेवा घेतली, तरी आसपासच्या सहा संघांचे सामने त्याला बंद. त्या सहांत आम्हीही. दारं बंद करून ठेवायची आणि पाहुणे येत नाहीत म्हणायचं.

३ नोव्हेंबर २०१५ ला रॉयल्सची विजयी मिरवणूक निघाली. दोन दिवसांपूर्वी न्यूयॉर्कच्याच मेट्सना हरवून आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकली होती. शाळांना सुट्टी. लेक दीड-दोन वर्षांची, माझ्या कडेवर. लोकांनी हायवेच्या कडेला गाड्या सोडल्या आणि चालत निघाले, आम्हीही. शेजारी एक आजोबा १९८५ च्या विजयाचं विटलेलं निळं जॅकेट घालून उभे होते. माझा हात अवघडला तेव्हा त्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं. त्या दिवशीच्या गर्दीचा अंदाज आठ लाखांचा दिला गेला. महानगराची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास.

पैशाचं म्हणणं खरं आहे, आणि ते मला आवडत नाही. बेसबॉलमध्ये पगारांवर कडक कमाल मर्यादा नाही. २०१५ नंतर आमच्यासारख्या शहराने वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. २०२५ ला मोसमात सर्वाधिक ९७ सामने मिलवॉकीने जिंकले, डॉजर्सशी झालेले सहाच्या सहा त्यात होते, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याच डॉजर्सनी त्यांना चार-शून्य धुतलं. पण त्याच वर्षी मेट्स, ज्यांनी एका खेळाडूला साडेशहात्तर कोटी डॉलर कबूल केले होते, प्लेऑफलाही पोचले नाहीत. त्यांची जागा सिनसिनाटीने घेतली. आणि यांकीजचं शेवटचं विजेतेपद २००९ चं आहे, दादा.

खेळ लांबलचक झाला होता, हेही खरं. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावलं, सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. संपलं.

उरलं ‘मुलांना मोठ्या संघाची गोडी लावा’. दादा, तू पुण्यात वाढलास. मुंबई सलग पंधरा वर्षं रणजी जिंकत होती, तेव्हा महाराष्ट्राच्या संघाकडे कोण बघत होतं? आपले आजोबा बघत होते. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला, ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर राहिला, आणि त्या माणसाला कधी एक कसोटी मिळाली नाही. आजोबा हे सांगताना प्रत्येक वेळी चष्मा काढून पुसायचे. तू त्यांच्या शेजारी बसून ऐकायचास. त्यांनी तुला कधी मुंबईचा हो म्हणून सांगितलं नाही.

टोपी पाठवू नकोस. यांकीज इकडे येतील तेव्हा तूच ये, वहिनी आणि मुलांना घेऊन. सकाळी अठराव्या रस्त्यावर जाऊ, संध्याकाळी सामना. स्टेडियममधली कारंजी दिसतील अशा जागेची तिकिटं मी आजच बघते.