फावला वेळ निर्धोकपणे कसा वाया घालवावा

फावल्या वेळेचा सदुपयोग करावा असे सांगणाऱ्यांचे गोव्यात अलीकडे पेव फुटले आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे ते सांगतात, ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात आमदार सांगतात, आणि ज्यांना स्वतःला घटकाभर फुरसत नसते असे मार्गदर्शक तर मानधन घेऊन सांगतात. या उपदेशाला बळी पडल्यास काय होते, याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी तरुणपणी घरच्या माडांच्या बागायतीची देखभाल करीत असत. मनात आणले तर सगळे आयुष्य सावलीत काढता यावे असा हा व्यवसाय. परंतु गृहस्थांनी फावल्या वेळात वाचनाचा नाद लावून घेतला. एका मराठी मासिकातले बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या हाती पडले आणि पुढचा सारा अनर्थ ओढवला. घर सुटले, पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट झाली, १९०२ साली सिंहलद्वीपात दीक्षा घेतली गेली, पालीचे गाढे पंडित म्हणून नाव झाले, आणि अखेर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन जुन्या ग्रंथाचे संपादन करीत बसण्याची पाळी आली. माडांकडे मागे कोणी पाहिले असेल ते देव जाणे. त्या काळी हातात मोबाइल असता तर हा सगळा प्रसंग टळला असता.

आज सुदैवाने तो प्रत्येकाच्या हातात आहे, आणि म्हणून फावला वेळ वाया घालवणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तरीही नवख्या माणसाच्या हातून चूक होऊ शकते. संध्याकाळी घरापुढच्या सोप्यावर किंवा बाल्कांवात बसून राहणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असा पुष्कळांचा गैरसमज असतो. हा समज मुळीच खरा नाही. आपल्या आधीच्या पिढ्या तिथे बसत तेव्हा दिसायला त्या काहीच करीत नसत. प्रत्यक्षात मात्र कुळागरातल्या पाण्याच्या पाळ्या तिथेच ठरत, बांधावरून पेटलेली भांडणे तिथेच विझत, उपवर मुलींची स्थळे तिथेच निघत आणि नातवंडांना हरिपाठही तिथेच पाठ होई. तेव्हा बाल्कांवात बसायचेच असेल तर कानात इअरफोन घालून बसावे आणि मान छातीकडे झुकलेली ठेवावी. रस्त्याने जाणारा शेजारी क्षणभर थांबेल, तोंड उघडेल, आणि आपल्याला पाहून पुढे निघून जाईल. अशा रीतीने एक संभाषण टळले की दुसरे टाळणे सोपे जाते. महिन्याभरात कोणी थांबेनासे होते, आणि मग आपल्याला सर्वांना असे सांगता येते की हल्ली गावात पूर्वीसारखी माणुसकी उरलेली नाही.

दुपारच्या झोपेबद्दल मात्र मी कोणाचेही काही ऐकून घेणार नाही. एक वाजता दुकानाचे दार ओढून, हुमण-शिताने तृप्त होऊन, चारपर्यंत आडवे होणे हा वेळेचा उत्तम उपयोग आहे, आणि म्हणूनच आपल्या आजच्या विषयात तो बसत नाही. उलट ही झोप मोडण्याची सोपी युक्ती म्हणजे उशाशी फोन ठेवणे. माणूस आडवाही राहतो, झोपतही नाही आणि कामही करीत नाही. एकाच वेळी दोन गोष्टी न करण्याची अशी सोय आपल्या वाडवडिलांना स्वप्नातही लाभली नव्हती.

वाचनाचा धोका वर सांगितलाच आहे. पणजीत तर सरकारनेच हा धोका सार्वजनिक करून ठेवला आहे. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेले आणि आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाटो येथे कदंबाच्या बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बस चुकली, पुढच्या बसला अवकाश आहे, आणि पाय सहज तिकडे वळले, असे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. असा प्रसंग आलाच तर घाबरून जाऊ नये. सभासद व्हावे, कार्ड घ्यावे, ते लॅमिनेट करून पाकिटात ठेवावे आणि पुस्तक न घेता परत फिरावे. या कार्डाचा पुढे फार उपयोग होतो. कोणी वाचनाचा विषय काढला की ते काढून दाखवता येते, आणि पार्किंगची गैरसोय, कामाचा व्याप आणि डोळ्यांचा नंबर या तीन कारणांवर पुढची दहा वर्षे निश्चिंतपणे जातात.

ज्यांना आपला फावला वेळ वाया जात असताना काही उदात्त कार्य चालू आहे असेही वाटून घ्यायचे असेल, त्यांच्यासाठी गोव्यात एक खास सोय आहे. ती म्हणजे भाषेचा वाद. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्या दिवसापासून आपल्याला बोलण्यासाठी विषयाची ददात पडलेली नाही. रात्रीची जेवणे आटोपली की व्हॉट्सॲपच्या गटावर मराठीवरील अन्यायाचा मजकूर टाकावा. तो शक्यतो रोमन लिपीत टाकावा, कारण देवनागरी कळफलक शोधण्यात बहुमोल वेळ जातो. विरोधकाने उत्तर दिले की प्रत्युत्तर द्यावे, प्रत्युत्तराला हात जोडलेली चिन्हे यावीत, आणि बारा वाजता मराठीचा विजय असो असे म्हणून झोपावे. याच काळात मराठीचे एखादे पुस्तक विकत घेणे, कवितेच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत का होईना जाऊन बसणे, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवाला चार ओव्या शिकवणे, असल्या किरकोळ गोष्टींत शक्ती खर्च करू नये. लढा मोठा आहे आणि त्यासाठी अंगठा ताजातवाना राहणे आवश्यक आहे.

आता चवथीचा विचार करू, कारण आपला फावला वेळ सर्वांत जास्त संकटात सापडतो तो याच दिवसांत. गणपतीच्या वर टांगायची माटोळी, म्हणजे फळापानांनी भरलेली लाकडी चौकट, ही मुळातच माणसाला कामाला लावण्यासाठी योजलेली वस्तू दिसते. पूर्वी घरातले थोरले काका पाच-सहा पोरांना बरोबर घेऊन पावसातच डोंगरावर चढत. कवंडळ कोणत्या वेलीवर मिळते, कांगले कुठल्या उतारावर लागतात, ती तोडताना मूळ कसे राखावे, घागऱ्यांचा झुबका कसा धरावा म्हणजे तो घरी येईपर्यंत गळत नाही, हे चालता चालता पोरांच्या कानावर पडे. परत आल्यावर चौकटीला सुपारीची शिपटी, नारळांची पेंड, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंजन, आंबाडे असे एकेक बांधत जायचे, तेही कुंभ्याच्या सालीच्या दोरांनी, आणि गाठ अशी मारायची की विसर्जनाच्या दिवशी एका हाताने सुटली पाहिजे. या भानगडीत दोन-तीन दिवस सहज जात. पोरांचे पाय चिखलाने भरत आणि डोक्यात तीस-चाळीस झाडांची नावे विनाकारण शिरून बसत.

आपण यावर तोडगा काढलेला आहे. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात रस्त्याकडेला सगळी माटोळी मांडलेली असते. गाडी उभी करावी, काच खाली करावी, ‘सगळ्यांतले थोडे थोडे दे’ असे सांगावे, दर ऐकून हळहळावे आणि घरी येऊन नायलॉनच्या दोरीने सगळे वीस मिनिटांत उरकावे. विकणाऱ्या बाईला त्यातल्या प्रत्येक फळाचे नाव आणि औषधी गुण ठाऊक असतात; तिला काही विचारू नये, ती सांगायला लागते. वाचलेल्या दोन दिवसांत इतरांनी आपापल्या माटोळ्यांचे जे फोटो टाकलेले असतात ते पाहावेत आणि प्रत्येकाखाली ‘आपली संस्कृती’ असे लिहावे. मुलाने एखाद्या फळाकडे बोट दाखवून हे काय आहे असे विचारल्यास त्याला फोन द्यावा.

जत्रेतल्या नाटकापासूनही असेच सावध राहावे लागते. दिवसभर बँकेत किंवा खाणीच्या ऑफिसात काम केलेली माणसे रात्री देवळाच्या सभामंडपात जमतात, महिना महिना तालीम करतात, पेटीवाल्याची मनधरणी करतात, पाठांतर होत नाही म्हणून दिग्दर्शकाच्या शिव्या खातात, आणि हे सगळे एका रात्रीच्या प्रयोगासाठी करतात. आपल्याला भूमिका देऊ करण्यात आली तर घसा बसला आहे असे सांगावे. प्रॉम्प्टिंगसाठी विचारले तर चष्मा बदलायचा आहे असे सांगावे. पडदा ओढायला विचारले तर मात्र खरोखरच कठीण प्रसंग असतो, आणि अशा वेळी खांदा दुखावल्याचे सांगण्यावाचून गत्यंतर नाही. प्रयोगाच्या रात्री मात्र पहिल्या रांगेत बसावे, फोन डोक्याच्या वर धरून पहिले पद चित्रित करावे म्हणजे मागच्यांनाही ते आपल्या पडद्यावर दिसेल, आणि दुसऱ्या अंकात उठून घरी जाताना शेजाऱ्याला ऐकू येईल अशा बेताने म्हणावे की आता पूर्वीची नाटके राहिली नाहीत. हे वाक्य पुष्कळ उपयोगी आहे. नाटक न पाहता ते म्हणता येते.

सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडण्याची काहींना हौस असते, तिचाही बंदोबस्त करता येतो. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीच्या या जंगलाचे क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. थंडीच्या दिवसांत इथे दूरदूरचे पक्षी उतरतात. फेरीबोटीची ही दोन घटकांची वाट फार धोक्याची असते. समोर नदी असते, वारा असतो, आणि कठड्याजवळच्या एखाद्या खांबावर खंड्या बसलेला असतो. त्या वेळी मान वर करू नये.

कुर्डीचे प्रकरण याहून नाजूक आहे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव मे महिन्यात पाणी ओसरले की काही दिवसांसाठी उघडे पडते. घरांचे चौथरे, विहिरी, वाटा दिसू लागतात, आणि इथून उठवून दुसरीकडे वसवलेली माणसे आपल्या मुलानातवंडांना घेऊन येतात. १९०४ साली याच गावात थोर गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला. तिथे गेल्यावर ड्रोन उडवावा आणि भेगाळलेल्या जमिनीवर चालत येतानाचे आपले चित्रण करून त्याला चालू हंगामातले एखादे गाणे जोडावे. तिथेच एक म्हातारे गृहस्थ काठीने जमिनीवर रेघ ओढून, इथे आमचे न्हाणीघर होते, इथे फणस होता, असे कोणाला तरी दाखवीत असतात. त्यांना चौकटीतून बाजूला व्हायची विनंती करावी. ती नम्रपणे करावी, कारण आपण सुसंस्कृत आहोत.

मुलांबद्दल थोडक्यातच सांगतो. मे महिन्यातली आंब्या-काजूंची सुट्टी ही त्यांच्या हाती मोकळी सोडू नये. सकाळी पोहणे, दुपारी अबॅकस, संध्याकाळी व्यक्तिमत्त्व विकास असे वर्ग लावून टाकावेत. रिकामे बसलेले मूल स्वतःहून काही करू लागते आणि ते काय असेल याचा नेम नसतो.

राहता राहिला निवृत्तीनंतरचा काळ. आयुष्यभर आपण सगळ्या चांगल्या गोष्टी या काळावर ढकललेल्या असतात. पेटी शिकणे, गावाचा इतिहास लिहिणे, परसात पालेभाजी लावणे, हे सगळे अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षाच्या पलीकडे व्यवस्थित रचून ठेवलेले असते, आणि तो दिवस उजाडला की ते अंगावर कोसळण्याची भीती असते. त्यासाठी आधीपासून तयारी ठेवावी. पासबुकात नोंदी करून घेण्यासाठी बँकेत आठवड्यातून दोनदा जावे. वीजबिल ऑनलाइन भरता येत असले तरी रांगेत उभे राहूनच भरावे आणि रांगेत उभे राहावे लागते म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहावे. सकाळी मिरामारला फिरायला जावे, परंतु चालण्यापेक्षा बाकावर बसून सरकार कसे चालवावे याची चर्चा जास्त करावी. खाजन जमिनीचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरल्याची बातमी आली तर आपल्या लहानपणी सगळा वाडा चिखल आणि गवत घेऊन बांधावर कसा धावत असे याचे वर्णन करावे, आणि ते वर्णन संपेपर्यंत भरती ओसरून जाईल असे पाहावे.

तरीही गावात चिकट माणसे असतातच. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, तेव्हापासून घुमट आरतीची हौस पोरांत वाढली आहे, आणि आपण तरुणपणी बरे वाजवीत होतो ही गोष्ट कोणीतरी त्यांच्या कानावर घातलेलीच असते. एखाद्या संध्याकाळी चार पोरे दारात येतील, त्यातल्या एकाच्या काखेत मातीचे नवे घुमट असेल, आणि ‘काका, आम्हांला शिकवाल का?’ असे विचारतील. चहा द्यावा. मडक्यावर बोटांनी एकदोनदा वाजवून पाहण्याचा मोह होईल तो आवरावा. मग उभ्याने वाजवणे गुडघ्यांना झेपत नाही असे सांगून डॉक्टरांच्या वेळेचे निमित्त काढावे आणि चपला घालून बाहेर पडावे. घुमट बसूनही वाजवता येते हे पोरांच्या लक्षात येईपर्यंत आपण तिठ्यावर पोहोचलेले असू.