चिबीचा वारा मंत्राने वळला नव्हता
माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी जो मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला, तो सध्या व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून फिरतो आहे: इ.स. 208 मध्ये चीनमधील यांगत्से नदीवर, चिबी येथे, जुगे लियांग या मुत्सद्द्याने गवत बांधलेल्या होड्यांनी शत्रूचे एक लाख बाण पळवले, मंत्राने वारा वळवला आणि त्साओ त्साओ या उत्तरेकडच्या सेनानीचे आठ लाखांचे सैन्य जाळले. यातली बहुतेक करामत चौदाव्या शतकात रचलेल्या कादंबरीतली आहे.

आठ लाख ही त्साओ त्साओची स्वतःची बढाई. प्रतिपक्षाचा सेनापती झोउ यू याने तेव्हाच हिशेब मांडून हा आकडा जेमतेम दोन लाख वीस ते चाळीस हजारांवर आणला होता. बाणांच्या गोष्टीला मात्र थोडा आधार आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. पाच वर्षांनी, दुसऱ्याच लढाईत, झोउ यूचा स्वामी सुन चुआन याची नौका एका बाजूला रुतलेल्या बाणांच्या भाराने कलली, तेव्हा त्याने ती फिरवून दुसऱ्या बाजूवर बाण झेलले आणि तोल सावरला, अशी जुनी नोंद आहे. तिथे जुगे लियांगचा पत्ताही नाही.

खरा संताप येतो तो मंत्राच्या थापेचा, कारण तिने दुसऱ्यांचा पराक्रम पुसला जातो. तिसऱ्या शतकात इतिहासकार चन शोउने लिहिलेल्या झोउ यूच्या चरित्रात वारा जोराचा होता, एवढेच आहे. तो आग्नेयेचा होता, हे त्यावरच्या नंतरच्या भाष्यातून कळते, आणि तो कोणी बोलावल्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. जुगे लियांगने आपला स्वामी लिउ बेइ याच्या वतीने त्साओ त्साओविरुद्ध युती जुळवण्यासाठी सुन चुआनकडे शिष्टाई केली, ती महत्त्वाचीही होती. पण शत्रूची जहाजे एकमेकांना खेटून उभी आहेत, तेव्हा ती पेटवावीत, ही युक्ती झोउ यूच्या हाताखालच्या हुआंग गाई या सरदाराची. त्याने फितूर होत असल्याचे खोटे पत्र पाठवले, जहाजांत सुकी लव्हाळी व काटक्या भरून त्यांवर तेल ओतले, वर कापड पांघरले आणि जवळ जाताच आग लावून ती सोडून दिली. त्यातच बाण लागून तो पाण्यात पडला; त्याच्याच सैनिकांनी त्याला बाहेर काढले, पण न ओळखता शौचकूपात टाकून दिले, आणि त्याने मोठ्याने हाक मारल्यावर हान दांग या सहकाऱ्याने आवाज ओळखून त्याचे कपडे बदलले, म्हणून तो वाचला. व्हॉट्सॲपच्या त्या लांबलचक मजकुरात त्याचे नावही नाही.